पाणी पिऊनही तिसऱ्या गेमला गोळे का येतात? नाशिकच्या उन्हाळ्यातल्या बॅडमिंटनची जुनी तक्रार

रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदात, उड्या मारून झाल्या की नाशिकचा उन्हाळा लागला असं समजायचं. आमच्या बॅडमिंटनच्या ग्रुपची तक्रारही नेमकी त्याच सुमारास सुरू व्हायची. आम्ही आठ-दहा जण, वय बत्तीस ते बासष्ट, गंगापूर रोडच्या बाजूला एका पत्र्याच्या हॉलमध्ये संध्याकाळी सात ते साडेआठ खेळतो. थंडीत पाच-सहा गेम सहज होतात. एप्रिल आला की पहिल्या दोन गेम ठीक, आणि तिसरीत कुणाच्या ना कुणाच्या पोटरीत गोळा. ज्यांना गोळा येत नाही त्यांचे पाय जड होतात आणि सोपे ड्रॉप, म्हणजे नेटपलीकडे हळूच टाकायचे फटके, नेटमध्ये जातात. घरी गेल्यावर डोकं ठणकतं, जेवण नको होतं, अंथरुणात पडलं तरी अंग धगधगत राहतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात दुपारपर्यंत गळून गेल्यासारखं वाटतं.

हे सलग चार उन्हाळे झालं. दर वर्षी आम्ही म्हणायचो, पाणी कमी पडतंय. दर वर्षी जास्त पाणी प्यायचो. त्रास होता तसाच.

तुमचीही हीच तक्रार असेल, तर आम्ही ती कशी शोधली आणि कशामुळे ती बरीचशी गेली, ते सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. वीस वर्षं खेळणारी एक बाई आहे. जिथे डॉक्टरांचं काम आहे तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

आधी जे करून पाहिलं आणि उपयोग झाला नाही

दोन लिटरची बाटली आणून ती संपवणं हा पहिला उपाय. पोटात पाणी डचमळायला लागलं, एकदा मळमळलंही, पण गोळे थांबले नाहीत. मग केळी. केळं खायला चांगलंच आहे, पण खेळायच्या दहा मिनिटं आधी खाल्लेल्या केळ्याने त्याच संध्याकाळचा गोळा टळत नाही. मग कुणीतरी सुचवलं की उशिरा खेळू, नऊला. नऊला बाहेर छान वारा असायचा आणि हॉलमध्ये पाय ठेवला की भट्टी. दिवसभर तापलेला पत्रा रात्री उशिरापर्यंत खालच्या माणसांवर उष्णता टाकत असतो, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

एक काकू प्रेमाने सगळ्यांना खिशात कांदा ठेवायला सांगायच्या. नाशिक जिल्ह्यात कांद्यावर अविश्वास दाखवणं अवघड आहे, आणि कांदा जेवणात असावाच. पण खिशातला कांदा शरीराची उष्णता ओढून घेत नाही. त्याच्या भरवशावर कुणी जास्त वेळ खेळत असेल तर त्याला प्रेमाने पण ठामपणे थांबवा.

मोजल्यावर काय दिसलं

पाचव्या उन्हाळ्यात आम्ही अंदाज सोडून मोजायला लागलो. तापमान आणि हवेतला ओलावा दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र आणलं आणि हॉलच्या एका कोपऱ्यात, कोर्टाच्या उंचीवर टांगलं. एका एप्रिलच्या संध्याकाळी सात वाजता बाहेर ३४ अंश होते आणि आत ३७. आतला ओलावा सुरुवातीला २४ टक्के होता, साडेआठला तो ३८ झाला होता. तापमान जवळपास तेवढंच राहिलं. आमच्याच घामाने हॉलची हवा दमट झाली होती.

त्याच दिवशी मी वजनही केलं. खेळण्याआधी ६१.४ किलो, नंतर घाम पुसून, कपडे बदलून ६०.२. मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायले होते. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर पाणी, या हिशेबाने दीड तासात माझा १.७ लिटर घाम गेला होता. आमच्यातल्या एका धिप्पाड मुलाचा अडीच लिटरच्या आसपास निघाला. तोच मुलगा सगळ्यात आधी गोळ्याने बसायचा.

आता या आकड्यांचा अर्थ. आपण खेळताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिच्यातली जेमतेम पाव हालचालीत जाते, उरलेली उष्णता होते. ही उष्णता बाहेर टाकायचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. पण घाम नुसता येऊन चालत नाही, तो कातडीवर वाळावा लागतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. कोपरावरून टपकून कोर्टावर पडलेला घाम मात्र काहीच घेऊन जात नाही, उलट शरीरातलं पाणी आणि मीठ तेवढं फुकट जातं.

घरातला माठ आठवा. एप्रिलच्या कोरड्या हवेत माठातलं पाणी गार होतं, कारण बाहेर झिरपलेली ओल वाळत असते. जुलैत तोच माठ बाहेरून ओला राहतो आणि पाणी काही गार होत नाही. आत आणखी पाणी ओतल्याने फरक पडत नाही. आम्ही चार वर्षं माठात पाणी ओतत होतो. बाहेरची ओल वाळत नव्हती, कारण पंखे बंद होते, दारं बंद होती आणि हवा आमच्याच घामाने दमट होत होती.

बॅडमिंटनची ही खास अडचण आहे. टेनिसला वारा चालतो. बॅडमिंटनचं फूल पाच ग्रॅमच्या आसपास वजनाचं असतं, पंख्याच्या झुळकीने वाकडं जातं, म्हणून पंखे बंद आणि झरोकेही बंद. टेबल टेनिसच्या हॉलमध्येही हेच घडतं. त्यामुळे बाहेर रम्य संध्याकाळ असताना आपण आत मुद्दाम तयार केलेल्या उन्हाळ्यात खेळत असतो.

गरमी मोजायची एक पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकेच्या मरीन दलातल्या नव्या जवानांसाठी तयार झाली, कारण तिथे कवायतीत जवान उष्माघाताने कोसळत होते. तिच्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरचं तापमान, काळ्या गोळ्यातलं तापमान आणि हवेचं तापमान एकत्र करतात. यात ओल्या थर्मामीटरला ७० टक्के वजन दिलेलं असतं. म्हणजे मोबाइलवर दिसणारा ‘आजचं तापमान’ हा आकडा खेळाडूसाठी अर्धीच गोष्ट सांगतो. घाम किती वाळू शकेल, ही खरी गोष्ट त्या ओल्या थर्मामीटरमध्ये असते.

पहिली दुरुस्ती: कोर्टावरचा सलग वेळ

सगळ्यात जास्त फरक याने पडला, आणि सुरुवातीला सगळ्यात जास्त विरोधही यालाच झाला. एप्रिल ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत आम्ही नियम केला की कुणीही सलग दोनपेक्षा जास्त गेम खेळायच्या नाहीत. दोन झाल्या की एक गेम बाहेर. बाहेर म्हणजे बाकावर नाही, हॉलच्या बाहेर, उघड्यावर. नाशिकला संध्याकाळी वारा सुटतो ती या शहराची मोठी देणगी आहे. दहा मिनिटं त्या वाऱ्यात ओल्या टी-शर्टवर बसलं की अंग जेवढं उतरतं तेवढं आत तासभर बसून उतरत नाही.

दुसरं म्हणजे, खेळाच्या नियमातच असलेली विश्रांती घ्यायला लागलो. २१ गुणांच्या गेममध्ये ११ गुणांवर साठ सेकंद आणि दोन गेमच्या मध्ये दोन मिनिटं मिळतात. टीव्हीवर मोठे खेळाडू ही विश्रांती एक सेकंदही वाया घालवत नाहीत, बर्फाचा टॉवेल मानेवर घेतात. आपण क्लबात कोर्टाचे पैसे वसूल करायच्या घाईत ती सोडून देतो. ‘चल चल, सर्व्हिस कर’ म्हणणारा माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. आमच्याकडे तो मान माझ्या नवऱ्याचा होता. आता दोन गेमच्या मधली वेळ तोच घड्याळावर मोजतो.

त्या दोन मिनिटांत आम्ही दोन्ही दारं उघडतो आणि पंखे पूर्ण वेगाने लावतो. हॉलवाल्या दादांना आधी वाटलं की विजेचं बिल वाढेल. यंत्रावरचा ओलावा खाली येताना दाखवल्यावर त्यांनी स्वतःच दुसऱ्या बॅचलाही तसं करायला सांगितलं. तुमच्या हॉलच्या मालकांशी बोलायचं असेल तर भांडू नका, आकडे दाखवा. त्यांना करता येण्यासारख्या गोष्टी फार खर्चिक नसतात: पत्र्यावर ऊन परतवणारा पांढरा रंग, छतावर वाऱ्याने फिरणारे झरोके, दुपारी रिकाम्या वेळेत दारं उघडी ठेवणं. पत्र्यावर पाणी मारण्याचाही उपयोग होतो, पण पाणीटंचाईच्या महिन्यात ते मागायला माझा जीव धजत नाही. पांढरा रंग जास्त बरा.

दुसरी दुरुस्ती: पहिले दहा दिवस

मागचे चार उन्हाळे आठवून पाहिले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. सगळ्यात वाईट संध्याकाळी मे महिन्याच्या शेवटी नसायच्या. त्या असायच्या एप्रिलच्या सुरुवातीला, किंवा सुट्टीत महाबळेश्वरला आठवडा काढून परत आल्यावर. ऊन कमी असूनही त्रास जास्त.

शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण सात ते चौदा दिवस लागतात. पहिल्या काही दिवसांत रक्तातला पातळ भाग वाढतो, मग घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. ही सवय रोज थोडं थोडं तापल्यानेच होते, एसीत बसून होत नाही, आणि दोन-तीन आठवडे खंड पडला की बरीचशी निघून जाते. म्हणून आता मार्च संपताना आम्ही मुद्दाम मागे येतो. पहिले तीन-चार दिवस फक्त दोन गेम, तेही अर्ध्या जोरात, डबल्सच. मग दर दोन दिवसांनी थोडं वाढवायचं. सिंगल्स दहाव्या दिवसानंतर. हौशी तरुणांना हे पटवणं अवघड जातं. त्यांना मी एवढंच सांगते की या दहा दिवसांत तू काही गमावत नाहीस, पुढचे दोन महिने कमावतोस.

सकाळी गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर चालणारे आमचे दोघे आहेत. त्यांना त्रास कमी होतो असं मला आधी वाटायचं. पण सहाला तिथे चांगलाच गारवा असतो. त्या चालण्याने दम वाढतो, उष्णतेची सवय होत नाही. दोन्ही वेगवेगळं धरा.

तिसरी दुरुस्ती: काय प्यायचं आणि किती

पाणी निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. ते एकटं पुरत नाही, इतकंच.

किती प्यायचं हे दुसऱ्याच्या बाटलीकडे बघून ठरवू नका. दोन-तीन संध्याकाळी वजन करून स्वतःचा आकडा काढा. घामाइतकं सगळं खेळतानाच भरून काढायची गरज नसते आणि ते जमतही नाही. वजनातली घट दोन टक्क्यांच्या आत राहिली तर पुष्कळ झालं. माझ्यासाठी ही मर्यादा १.२ किलोची आहे. म्हणून मी दर विश्रांतीला सात-आठ घोट घेते, दीड तासात पाऊण लिटर होतं, उरलेलं घरी जेवणाबरोबर. खेळून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पीत आहात. साधं पाणी फार जास्त प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि तेही धोक्याचं असतं: डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं. लक्षणं उन्हासारखीच, म्हणून माणूस आणखी पाणी पितो.

मीठ कुणाला किती लागेल हे घामावर ठरतं. वाळलेल्या काळ्या टी-शर्टवर पांढऱ्या रेघा उमटत असतील तर तुमच्या घामातून मीठ जास्त जातं. आमच्या त्या धिप्पाड मुलाचा शर्ट नकाशासारखा दिसायचा. तो आता लिटरभर पाण्यात दोन लिंबं, पाव चहाचा चमचा मीठ आणि तीन पोह्याचे चमचे साखर घालून आणतो. ताक मला सगळ्यात आवडतं, पण खेळून झाल्यावर. खेळताना पोटात जड होतं. पन्हं आणि कोकम सरबतही चांगलं, मीठ घातलेलं असेल तर. उसाच्या रसात साखर भरपूर आणि मीठ जवळपास नाही, म्हणून तो आवडीने प्या, पण औषध समजू नका.

खरंच फार घाम जाऊन गळून गेल्यासारखं झालं असेल तर ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्राप्रमाणे एका लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. म्हणजे २०.५ ग्रॅमची पुडी पूर्ण एका लिटरमध्ये. अर्धी पुडी अंदाजाने ग्लासभर पाण्यात टाकणं चूक. फळांच्या चवीचे जे गोड डबे ओआरएस म्हणून विकले जायचे ते वेगळे. ज्यात हे सूत्र नाही त्या पेयांना आपल्या नावात ‘ओआरएस’ वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. पुडीवरचं सूत्र वाचून घ्या.

रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार असेल तर मीठ आणि ओआरएसचा हा सगळा परिच्छेद आधी तुमच्या डॉक्टरांना विचारून मगच पाळा.

गोळा आलाच तर

गोळा फक्त मीठ कमी झाल्याने येतो, ही समजूत अपुरी आहे. थकलेल्या स्नायूला मिळणारे मज्जातंतूंचे संदेश बिघडतात, हे त्याचं मोठं कारण. म्हणून तो तिसऱ्या गेमला येतो, पहिल्या नाही. आणि म्हणूनच सर्वात लवकर आराम ताण दिल्याने मिळतो: खाली बसा, गुडघा सरळ ठेवा, पायाचा चवडा आपल्याकडे ओढून धरा, वीस-तीस सेकंद, पुन्हा पुन्हा. जोरजोरात चोळू नका. गोळा सुटला की ‘आता ठीक आहे’ म्हणून लगेच कोर्टावर उतरायचं नाही, त्या दिवसाचा खेळ संपला. आमच्याकडे एकाने हा नियम मोडला आणि पोटरीचा स्नायू फाटून पाच आठवडे घरी बसला.

एकाच पोटरीत, न खेळतानाही, सूज किंवा गरमपणासह दुखत असेल तर तो उन्हाचा गोळा नाही. डॉक्टरांना दाखवा.

अंग गार करायच्या साध्या गोष्टी

आता दाराशी एक बादली असते, पाणी आणि घरून आणलेला बर्फ. तिच्यात चार नॅपकिन. गेमच्या मध्ये मान, चेहरा आणि कोपरापासून खालचे हात ओले करायचे आणि पंख्यासमोर उभं राहायचं. पंखा आणि ओलं अंग एकत्र हवं. हवा ३७ अंशांवर असताना कोरड्या अंगावर नुसता पंखा फारसं काही करत नाही. मी दोन टी-शर्ट जास्तीचे आणते. घामाने चिंब, जाड झालेला शर्ट अंगाला चिकटून बसतो आणि वारा आत जाऊ देत नाही. रॅकेटच्या मुठीला टॉवेलच्या कापडाची ग्रिप घ्या, हात सटकत असेल तर माणूस रॅकेट आवळून धरतो आणि मग कोपर दुखायला लागतं. कोर्टावर पडलेला घाम दर काही गुणांनी पुसा. घोटे मुरगळण्याचं ते एक मोठं कारण आहे आणि कुणी त्याला उन्हाशी जोडत नाही.

फुलाबद्दलही सांगते, कारण त्याचा दमण्याशी संबंध आहे. गरम हवा विरळ असते आणि नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास सहाशे मीटरवर आहे, त्यामुळे फूल उन्हाळ्यात लांब पळतं. फुलाचा क्रमांक जितका मोठा तितकं ते वेगवान. थंडीत वापरलेलं ७७ किंवा ७८ क्रमांकाचं फूल मेमध्ये मागच्या रेषेबाहेर जातं, आणि सगळे मागे धावून धावून थकतात. आम्ही उन्हाळ्यात ७६ घेतो. कोरड्या हवेत पिसं चटकन तुटतात, म्हणून आदल्या रात्री फुलांच्या नळीला काही सेकंद वाफ दाखवून ठेवतो. रॅकेट गाडीच्या डिकीत तापवत ठेवू नका, तार सैल पडते.

उघड्यावर खेळणाऱ्यांसाठी

टेनिस आणि आता पिकलबॉल खेळणाऱ्या मैत्रिणी विचारतात म्हणून थोडक्यात. तिथे वारा आहे पण ऊन थेट अंगावर आहे, आणि सिंथेटिक कोर्ट खालूनही तापतं. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेआठच्या आत संपवा, संध्याकाळी सहानंतर सुरू करा. ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये २०१९ पासून एक ते पाच अशी उष्णतेची श्रेणी वापरतात. ती हवेचं तापमान, उन्हाची धग, ओलावा आणि वाऱ्याचा वेग अशा चार गोष्टींवरून ठरते. पाचला खेळ थांबवतात. वर्षभर शरीर घडवणाऱ्या खेळाडूंसाठी जर खेळ थांबतो, तर दिवसभर काम करून आलेल्या आपल्यासाठी तो थांबवायला लाज वाटायचं कारण नाही.

कधी थांबायचं आणि कधी धावायचं

हा भाग मी सगळ्यात काळजीने लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी, मी ज्या यंत्राबद्दल लिहिलं ते आणायच्या आधीच्या एप्रिलमध्ये, आमच्यातले बासष्ट वर्षांचे काका गुण चुकीचे सांगायला लागले. अकरा-नऊ असताना नऊ-सात म्हणाले. मग चुकीच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि सांगितल्यावर चिडले. ते कधी कुणावर आवाज चढवत नाहीत. आम्ही हसलो. नंतरच्या सर्व्हिसला ते डगमगले. त्यांना घाम भरपूर येत होता, म्हणून आम्हाला वाटलं ऊन लागलेलं नाही. आम्ही त्यांना आतच बाकावर बसवलं आणि पाण्याचा ग्लास हातात दिला. पाच मिनिटं अशी गेली. मग आमच्यातल्या एका नर्स ताईने त्यांना बाहेर काढलं, नळीने डोक्यापासून पायापर्यंत भिजवलं आणि १०८ ला फोन लावला. काका पूर्ण बरे झाले. ती पाच मिनिटं माझ्या मनातून जात नाहीत.

म्हणून पाठ करून ठेवा. चक्कर, मळमळ, डोकेदुखी, फिकट पडणं, खूप थकवा, पण माणूस नीट बोलतो आहे: खेळ बंद, सावलीत किंवा वाऱ्यात आडवं करा, पाय थोडे उंच, कपडे सैल, अंग ओलं, घोट घोट पेय. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर दवाखाना.

माणूस गोंधळलेला आहे, उगाच चिडतो आहे, असंबद्ध बोलतो आहे, चालताना झोकांड्या खातो आहे, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असू शकतं. कातडी कोरडीच हवी असं नाही. खेळताना होणाऱ्या उष्माघातात घाम चालू असतो. काखेत थर्मामीटर लावून खात्री करत बसू नका, तो कमी दाखवू शकतो. १०८ ला फोन एकाने करायचा आणि त्याच क्षणी बाकीच्यांनी गार करायला सुरुवात करायची. मोठ्या टबात गार पाण्यात मानेपर्यंत बुडवणं सर्वात चांगलं, डोकं धरून. टब नसेल तर नळी, बादल्या, ओल्या चादरी, पंखा, आणि मान, काखा, जांघेत बर्फ. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं नाही. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरणं हेच जीव वाचवतं. शुद्ध पूर्ण नसेल तर तोंडाने काहीही द्यायचं नाही. क्रोसिनसारखी तापाची गोळी द्यायची नाही, हा ताप तिने उतरत नाही.

मुलांच्या उन्हाळी शिबिरांबद्दल मला फार वाटतं. खेळात रमलेली मुलं तहान लागली तरी सांगत नाहीत, आणि ‘थकलो’ म्हणायची त्यांना भीती वाटते. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाण्याची सुट्टी आणि वारा लागेल अशी जागा, एवढं विचारूनच नाव नोंदवा. शिबिर दुपारी अकरानंतर चालत असेल तर सकाळची वेळ मागा.

ताप किंवा जुलाब होऊन गेले असतील तर त्या आठवड्यात नका खेळू. आदल्या रात्री झोप झाली नसेल किंवा मद्य घेतलं असेल तर निम्मंच खेळा. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या आणि हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या, तसंच सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या उष्णता सहन करायची ताकद कमी करतात. गोळी स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना सांगा की मी उन्हाळ्यात खेळतो. काकांचीही अशीच एक गोळी होती.

एवढं करूनही त्रास राहिला तर

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तक्रारी येतात. पाऊस पडला, हवा ३० अंशांवर आली, म्हणून सगळे सैल सोडतात. पण तेव्हा ओलावा ७०-८० टक्क्यांवर असतो आणि माठ गार होत नाही. दोन गेमचा नियम पहिल्या पावसानंतरही लगेच सोडू नका. ऑक्टोबरमध्येही तेच: दोन-तीन महिने सौम्य हवेत गेलेले असतात, सवय निघून गेलेली असते आणि ऊन अचानक चढतं. आम्ही तेव्हा पुन्हा चार दिवस अर्ध्या जोराने खेळतो. रविवारी सकाळी खेळून मग मिसळ खायला जायची आमची पद्धत आहे. आधी मिसळ आणि मग खेळ असा क्रम एकदा करून पाहिला, तो पुन्हा केला नाही.

हे सगळं पाळूनही एखाद्याला दर वेळी गोळे येत असतील किंवा खेळताना छातीत धडधड, दुखणं, अंधारी येत असेल, तर तो प्रश्न हवेचा नाही. त्याने रक्ततपासणी आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. आमच्यातल्या एकीचं हिमोग्लोबिन तेव्हाच कमी निघालं.

गेल्या उन्हाळ्यात एप्रिल ते जूनमध्ये आमच्या वहीत गोळ्याच्या तीन नोंदी आहेत. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही मोजत नव्हतो, पण आठवड्याला दोन तरी व्हायचे. काका अजून खेळतात, फक्त डबल्स, फक्त दोन गेम, आणि गुण मोठ्याने सांगायचं काम त्यांच्याकडेच ठेवलं आहे. चुकले तर आम्ही लगेच दार उघडतो.